जोथम लोहाराचा अबोला

जोथम पेक आमच्या गावचा लोहार. बायको देवाघरी गेलेली, मूलबाळ नाही. नात्याचा म्हणावा असा एकच माणूस उरला होता, बायकोचा धाकटा भाऊ सायलस. त्याचं शेत भट्टीच्या कुंपणाला लागून. रोज संध्याकाळी तो सफरचंदाच्या दारूचा जग घेऊन दाजींकडे यायचा. सोबत त्याचा कुत्रा टाउझर. दोघं फार बोलत नसत, पण जोथमचा दिवस त्या तासाकडे बघत सरायचा.

इंग्लंडच्या राजाशी आमचं भांडण सुरू झालं ते अर्जांनी. दहा वर्षं नम्रपणे अर्ज लिहिले. मग राजाने कर लावलेला चहा सोडला. रासबेरीची पानं उकळून प्यायलो आणि ती छान लागतात असं एकमेकांना सांगत राहिलो. १७७४च्या उन्हाळ्यात राजाने बोस्टनचं बंदर बंद केलं, तेव्हा मॅसॅच्युसेट्सच्या गावागावांतून एक करारनामा फिरला. विलायती माल घ्यायचा नाही, आणि जो सही करणार नाही त्याच्याशी कसलाही व्यवहार ठेवायचा नाही. आमच्या गावाने त्यात बोलणंही धरलं.

प्रार्थनाघरात सगळ्यांनी सह्या केल्या. जोथम हात मागे बांधून उभा राहिला.

"फ्रेंचांशी लढाई झाली तेव्हा याच हाताने बायबलवर राजाशी इमान राखायची शपथ घेतलीय. आता याच हाताने दुसरी घेतली, तर देवाने खरी कुठली धरायची?"

"देवाचं आम्ही बघतो," प्रार्थनाघराचा कारभार बघणारे डीकन हॉबार्ट म्हणाले. "तू सही कर."

त्याने केली नाही. पुढच्या रविवारी त्याच्या बाकावर कुणी बसलं नाही. नांगराचे फाळ आठ मैलांवरच्या दुसऱ्या लोहाराकडे जाऊ लागले. सायलसचीही सही होती. संध्याकाळी जग आला नाही. टाउझरला मात्र करारनामा कोण समजावणार? तो रोजच्या वेळी येऊन भट्टीच्या उंबऱ्यात आडवा होत राहिला.

आठवड्याने सायलस कुत्र्याला न्यायला आला. कुंपणाशी उभा राहून मोठ्याने म्हणाला, "टाउझर, गवत कापून झालं बरं का. पाठ मोडली पार."

आतून घणाचा आवाज थांबला. "टाउझर," जोथम म्हणाला, "तुझ्या धन्याला सांग, पाठीला विटेचा शेक दे. आळशासारखा पडून राहू नको म्हणावं."

दोघांचं हे असंच चालू राहिलं. आम्ही ऐकत होतो आणि ऐकलं नाही असं दाखवत होतो. करारनाम्यात कुत्र्याशी बोलू नये असं नव्हतं.

सप्टेंबरात आम्ही वूस्टरला गेलो. गावोगावचे हजारो लोक. राजाच्या न्यायाधीशांना टोप्या हातात घेऊन आमच्या रांगांमधून चालायला लावलं आणि कोर्ट बंद पाडलं. त्या दिवशी बहुतेकांच्या हातात काठ्या होत्या. परतताना मात्र जो तो घरातल्या बंदुकीबद्दल बोलत होता. हिवाळाभर मैदानावर कवायत झाली. सायलसच्या बंदुकीच्या घोड्याची पोलादी कमान मोडली, घोडा उडेना. दूरच्या लोहाराने नवी बसवली, तीही ढिली पडली.

मार्चमध्ये त्याने बंदूक भट्टीच्या उंबऱ्यात ठेवली. "टाउझर, या गावात एखादा धड लोहार असता, तर बरं झालं असतं नाही?"

"राजावर झाडायला?" जोथमने कुत्र्याला विचारलं.

सायलस बंदूक तिथेच ठेवून निघून गेला. बंदूक महिनाभर आतल्या खुंटीवर होती. जोथमने तिला हात लावला की नाही, कुणाला कळलं नाही.

एकोणीस एप्रिलच्या दुपारी घोडेस्वार आला. लेक्सिंग्टनला राजाच्या सैनिकांनी आपली माणसं मारली होती. तासाभरात आम्ही रस्त्यावर उभे. सायलस धावत भट्टीकडे गेला. जोथम बंदूक घेऊन दारातच होता.

"टाउझर, सांग त्याला, कमान कडक आहे. ओढताना जपून."

सायलसने बंदूक घेतली. सगळं गाव बघत होतं, डीकनही. तो म्हणाला, "दाजी, कुत्र्याला सांभाळा."

जोथमचे ओठ हलले. पण आठ-दहा महिन्यांत तो माणसाशी बोललाच नव्हता, आणि शब्द येईपर्यंत सायलस रांगेत शिरला होता.

जूनमध्ये बोस्टनजवळच्या टेकडीवरच्या लढाईत सायलस पडला. त्या करारनाम्याची मग कुणाला आठवण राहिली नाही. भट्टीत पुन्हा फाळ येऊ लागले. शरद ऋतूत डीकन स्वतः भट्टीवर आले.

"जोथम, झालं गेलं. सहीचं कुणी विचारत नाही आता. नांगर कधी देशील?"

जोथमने निखारे सारखे केले. उंबऱ्याकडे बघत म्हणाला, "टाउझर, डीकनसाहेबांना सांग, गुरुवारी तयार होईल."

डीकनांनी टोपी घातली आणि कुत्र्याला म्हणाले, "बरं. सांग त्याला, गुरुवारी येतो."