कोपरा फाटलेलं कार्ड

नवरा गेल्यावर मला सांत्वन करणाऱ्यांचा वीट आला होता. साताऱ्याच्या आमच्या आळीत रोज कुणीतरी येऊन पदरानं डोळे पुसायचं, आणि चहा घेऊनच उठायचं. मराठवाडा तेव्हा नुकताच मुंबई राज्यात आला होता. तिकडच्या शाळांना मराठी शिकवणारी माणसं हवी होती. मी मुद्दाम आडगाव मागून घेतलं. भूमपर्यंत एस.टी., पुढं बैलगाडी, मग नुसता माळ. दुपारी तिथं इतकं शांत असायचं, की लांब शेतात खुरपं दगडावर वाजलेलंही ऐकू यायचं. मला तेच हवं होतं.

शाळेत आम्ही दोघंच शिक्षक. हेडमास्तर पन्नाशी ओलांडलेले मुसलमान गृहस्थ. सारं गाव त्यांना गुर्जी म्हणायचं. बोलणं अस्सल तिथलं, पण शिक्षण निजामाच्या काळात उर्दूत झालेलं. सरकारनं मराठीची परीक्षा ठेवली होती आणि ते दोनदा नापास झाले होते. तिसरी संधी शेवटची, नाहीतर नोकरी जाणार. त्यांची तयारी करून घेणं माझ्याकडे आलं.

अक्षर सुरेख होतं. भांडण व्हायचं ते विरामचिन्हांवरून. गुर्जी पानभर मजकूर एका दमात लिहून मोकळे व्हायचे.

"स्वल्पविराम कुठं गेले?" मी विचारायची.

"बाई, वाचणाऱ्याला दम कुठं लागंल, ह्ये तुमाला आधीच कसं कळतं हो?"

"पेपर तपासणाऱ्याला लागतोच."

"मग त्यो खाली बसून वाचंल की! आमच्या टायमाला वाचणारा शहाणा हाय असं समजून लिव्हायचे."

मी तोंडाची फटकळ. त्यांनाही त्यानंच गंमत वाटत असावी. शाळा सुटल्यावर लिंबाखाली आमची ही हुज्जत रोज चालायची, आणि त्यांच्या घरून आलेली भाकरी खातानाही थांबायची नाही. वर्षभरात पहिल्यांदा मी तिथं हसले.

हिवाळ्यात त्यांची लेक तेरला बाळंत झाली. ते चार दिवसांची रजा काढून गेले. दुसऱ्याच दिवशी टपालवाल्यानं माझ्या हातात एक कार्ड ठेवलं आणि मान खाली घालून निघून गेला. कार्डाचा कोपरा फाटलेला होता.

कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे कुणी तरी गेल्याची बातमी. ते घरात नेत नाहीत. दारातच उभ्यानं वाचतात आणि तिथंच फाडून टाकतात. नवरा परगावी नोकरीवर असताना गेला, ते मला असल्याच कार्डानं कळलं होतं. आता साताऱ्यात माझे वडील अंथरुणाला खिळलेले होते. पत्त्यावर नुसतं 'शाळामास्तर' आणि गावाचं नाव होतं. ते कार्ड उलटून बघायचा मला धीर झाला नाही. शाळेच्या ओसरीवरच्या कोनाड्यात ते ठेवलं, वर दगड ठेवला आणि तीन दिवस तिकडं न बघता मुलांना पाढे शिकवले. वडील गेले असं मनात धरून मी रडलेसुद्धा.

गुर्जी आल्या आल्या मी म्हटलं, "तुम्हीच वाचा. माझ्यानं होत नाही."

त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "बाई, तुमचे वडील सुखरूप हायेत. ह्ये माझं हाय."

परीक्षेचं बोलावणं होतं. परीक्षा आदल्या दिवशी धाराशिवला होऊन गेली होती. कोपरा टपालाच्या थैलीत कुठंतरी अडकून फाटला असणार.

मी धाराशिवला जाऊन साहेबांपुढं सगळं कबूल केलं. तिथं कुणी दाद दिली नाही. शाळेचं वर्ष संपलं तेव्हा गुर्जींनी बिऱ्हाड तेरला हलवलं. गाडीत सामान चढवताना मी तोंड लपवून उभी होते. ते जवळ आले आणि म्हणाले, "तुमच्या जागी म्याबी त्येच केलं असतं." ते खरं नव्हतं. त्यांनी धीरानं उलटून बघितलं असतं.

पुढं वर्षानुवर्षं त्यांची कार्डं येत राहिली. पत्त्याच्या बाजूला वरच लिहिलेलं असायचं, 'कोपरा फाटला असला तरी बिनघोर वाचा मी ठणठणीत आहे'. मजकुरात पूर्णविराम एकही नसायचा आणि मी उत्तरात लाल शाईनं तक्रार करायची.

मग एकदा चारी कोपरे शाबूत असलेलं कार्ड आलं. वरची ओळ तेवढी नव्हती. मी ते घेऊन घरात गेले, खाटेवर बसले आणि सावकाश वाचायला लागले. अक्षर लेकीचं होतं. अब्बा परवा गेले, असं तिनं लिहिलं होतं. त्यांनी जाण्याआधी बजावून ठेवलं होतं, की बाईंच्या कार्डाचा कोपरा फाडू नका, त्या वाचायच्या नाहीत.

असलं कार्ड घरात ठेवत नाहीत. मी ठेवलंय.