गिरजा व्हय म्हणाली होती

हे मी कुणालाच सांगितलं न्हाई — नवऱ्याला न्हाई, सख्ख्या बहिणीलासुद्धा न्हाई. आज तुमाला सांगायलेय. ऐकून तोंड वाकडं करायचं तर खुशाल करा.

ताडकळसला सून म्हणून आले, तवा घरात एक मुकी-बहिरी नणंद होती. गिरजा. घरचे तिला खुणेनं काम सांगायचे — पाणी आण, शेण काढ — बस्, तेवढंच. तिला काय म्हणायचंय, हे कुणी इचारलं का कधी? मी तरी कुठं लय शहाणी! पण खुरपायला पिकाच्या ओळी वाटून घ्यायच्या, तवा आमच्या दोघींच्या पाती शेजारी-शेजारी. दिवसभर दुसरं होतं तरी कोण बोलायला? एकदा तिला खुरपं लागलं. हाताच्या पाठीवर हळद दाबून मी कितीतरी वेळ अंगठा फिरवत बसले. तवापासून काही मनाला पटलं, की ती आपल्याच हातावर अंगठा फिरवायची. म्हणजे — व्हय, बरं वाटलं. अशा किती खुणा झाल्या! दोन वर्षांत तिची भुवई हलली तरी मला कळायचं. आणि माझं? माहेरची आठवण आली, तर मी रडायच्या आधीच तिला समजायचं. साऱ्या घरात माझं मन कळणारी ती एकटीच.

दुष्काळ सरला, त्याच्या दुसऱ्या साली मानवतचा एक बिजवर तिला बघायला आला. कापसाच्या जिनिंगवर कामाला, गरीब, पण नजर सरळ. म्हणाला, "आधी तिला इचारा." सासरे माझ्याकडं वळले, "सूनबाई, इचार बरं. तुलाच कळतंय तिचं."

मी खुणेनं इचारलं. गिरजानं त्याच्याकडं बघितलं, मान खाली घातली — आणि हातावर अंगठा फिरवला.

"न्हाई म्हणायलीय," मी सांगितलं.

घरासाठी केलं? तिच्या भल्यासाठी? अजिबात न्हाई! ती गेली असती तर मी एकटी पडले असते — म्हणून केलं. मला काय म्हणायचं ते म्हणा, मी खाली बघणार न्हाई. आणि अक्कल बघा माझी — जिला माझं तोंड वाचता येत होतं, तिच्यासमोरच खोटं बोलले! तो माणूस चहा पिऊन उठला, तवा ती त्याच्याकडं न्हाई, माझ्याकडं बघत होती.

संध्याकाळी मी माझ्या हातावर अंगठा फिरवून दाखवला. तिनं आपले दोन्ही हात पदराखाली घेतले.

दुसरं स्थळ आलंच न्हाई. आजबी आमच्या पाती शेजारीच असतात. मला सोबत पाहिजे होती, ती मिळाली. तिचे हात खुरप्यावर चालतात, माझ्याशी बोलत न्हाईत.