वस्तीची जीप

त्यानं माझे केस मुठीत धरले आणि मला जीपमधून खाली खेचलं. तोंडावर आपटले. ओठ फाटला. आबांचा थोरला पोरगा होता तो. वर टपावर भोंगा वाजतच होता, "आबा तुमचे, जीप तुमची."

"उतर खाले," तो म्हणाला. "जीप तुना बापनी शे का?"

मी म्हटलं, "आबानीच सांगं ना. जीप बठ्ठास्नी शे."

जीप सगळ्यांची, असं सांगितलंच होतं. पंचायत समितीची निवडणूक होती. एसटी गावात चावडीपाशी थांबायची. आमची बौद्धवस्ती नाल्यापलीकडे. दोंडाईच्याचा दवाखाना गाठायचा तर बैलगाडी. दोन उमेदवार उभे. एक म्हणाला, आधी नाल्यावर पूल बांधतो, मग एसटी आणतो. दुसरे आबा, ते त्याच्यावर कडी करायला विहारासमोर येऊन बोलले, "एसटी थेट वस्तीत आणतो. तोवर ही जीप वस्तीची. अडल्यानडल्याला विचारायचं नाही, सरळ येऊन बसायचं." लोकांनी टाळ्या पिटल्या. मीही पिटल्या. बोलाचीच कढी ती, आणि आम्ही येडे ताट घेऊन बसलो.

माझ्या अक्काला कळा सुटल्या तेव्हा पोर आडवं आलं होतं. दाईनं हात टेकले. प्रचाराची जीप नाल्यापाशी उभी दिसली. मी अक्काला धरून नेलं, मागच्या सीटवर बसवलं, शेजारी बसले. विचारलं नाही. विचारायचं नाही असंच ठरलं होतं ना?

मला पाडल्यावर त्यानं अक्काचा दंड धरला. ती पोट सांभाळत दगडांवर घसरली. मी त्याच्या मनगटाला कडकडून चावले. त्यानं पायातलं काढलं आणि मला मारत सुटला. तोंडावर, छातीवर, जिथं लागेल तिथं. आबा पुढच्या सीटवर बसलेले. त्यांनी मागे वळून पाहिलं.

"पुरे रे," ते म्हणाले. "सीट धुऊन घे."

अक्का बैलगाडीतच गेली. मिरचीच्या खळ्यांपाशी, दोंडाईचा समोर दिसत असताना. पोर पोटातच राहिलं. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि माझ्या फुटक्या ओठाचं रक्त तिच्या कपाळावर पडत होतं.

मतदानाच्या दिवशी तीच जीप वस्तीत आली. धुतलेली, झेंडा लावलेली. आमच्याकडची रीत अशी, ज्याच्या गाडीत बसला त्याला मत दिलं. पुढं बोलायचं काही उरतच नाही. आबा हात जोडून उभे. "ऊन भलतं शे, बसा."

आणि माझा बाप चढायला निघाला. आबांच्याच शेतात राबायचा तो. माझ्याकडे न बघता म्हणाला, "पोरी, याच गावमा ऱ्हानं शे आपले."

मला त्याची कीव आली नाही. आग झाली अंगाची. नाल्यातला दगड उचलला आणि जीपच्या समोरच्या काचेत घातला. दुसरा दिव्यात. मग काठ्या सुरू झाल्या. पोरगा आणि त्याची माणसं. डावं मनगट कडकन मोडलं, आजही वाकडंच आहे. मी पडले तसा बाप पायरीवरून उतरला आणि माझ्या अंगावर पालथा झाला. पुढच्या काठ्या त्यानं खाल्ल्या.

त्यानंतर एकानंही त्या जीपला हात लावला नाही. म्हातारी, लेकुरवाळ्या, बठ्ठी वस्ती उन्हात पायी केंद्रावर गेली. मीही गेले, हात पदरात बांधून. शाई डाव्या बोटाला लावतात. मी तो मोडका हातच पुढं केला.

आबा तरी निवडून आले. एसटी अजून चावडीपाशीच थांबते. दर निवडणुकीला नव्या गाड्या येतात, नवे भोंगे, तेच हात जोडणं. मी नाल्यात जाऊन उभी राहते. सगळ्यांना एकच सांगते. आधी एसटी आणा, मग मत मागा. तोवर तुमची गाडी हा नाला ओलांडणार नाही. ओलांडली, तर काचेसकट परत जाणार नाही.