तांडेलाच्या गाडीचं चौथं सिलिंडर

रेडीला मी खनिजाच्या लॉऱ्या दुरुस्त करायला आलो तेव्हा मला समुद्राचा वासही सहन होत नव्हता. माझं गाव तिकडे जतच्या माळावर. शाळा पाचवीतच सुटलेली, हाताला पाना सापडला तो सुटला नाही, एवढीच माझी पुंजी. इथे ओळखीचं कोणी नाही, भाषा अर्धी कळायची. अशा वेळी खाणीच्या मालकांच्या गाडीवरच्या ड्रायव्हरने मला आपल्या घराच्या पडवीत जागा दिली. "ऱ्हव हंयच. भात खातंस मां? मगे झाला," एवढंच बोलला. भाड्याचा विषय त्याने कधी काढला नाही. ते उपकार आजही माझ्यावर आहेत.

हा माणूस आधी गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, होता. गलबतांचा धंदा बसला तसा गाडीवर आला, पण सगळे त्याला तांडेलच म्हणत. गाडी मोठी दिमाखाची. सहा सिलिंडरची, विलायती, आत लाकडी फळी आणि चामड्याच्या गाद्या, कुठल्याशा संस्थानिकाच्या ताफ्यातून मालकांकडे आलेली. वय झालं होतं तिचं, पण तांडेल तिला रोज पुसायचा, घोड्याला खरारा करावा तशी.

त्या वर्षी पाऊस सरता सरता गाडी मिसिंग मारायला लागली. सकाळी सुरू केली की अंग झटकल्यासारखी हलायची, चढावर तर जीवच सोडायची. मालकांची लेक बाळंतपणाला आली होती. तान्ह्याला घेऊन तिला बेळगावला सासरी पोचवायचं होतं, म्हणजे आंबोलीचा घाट आला. मालक शेडमध्ये येऊन मला म्हणाले, "तू लॉऱ्यांचा माणूस, तुझा दोष नाही. पण परवापर्यंत बघ. नाहीतर कोल्हापूरहून मिस्त्री बोलावतो. त्याच्या हाताखाली एक पोरगा आहे, तो गाडीही चालवतो. एकच माणूस ठेवला की दोन्ही कामं होतील."

तांडेल बाजूलाच उभा होता. मान खाली घालून बॉनेट पुसत राहिला.  त्याचं काम गेलं तर त्या वयात त्याला दुसरी गाडी कोण देणार होतं?

मी ठरवलं, सोडायचं नाही.

इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढून बघायची, ही आमची पहिली रीत. चांगल्या सिलिंडरची वायर काढली की इंजिन लंगडतं. मेलेल्याची काढली तर काहीच फरक पडत नाही. चौथ्याची काढली, काही फरक नाही. म्हटलं, सापडलं! चौथ्याचा प्लग दुसऱ्याला लावला, दुसऱ्याचा चौथ्याला. तरी चौथंच मेलेलं. वायरी बदलल्या. तरी चौथंच. प्लगच्या भोकावर अंगठा दाबून तांडेलाला हँडल मारायला लावलं. दाब एवढा की अंगठा उडाला. म्हणजे व्हॉल्व्ह, रिंगा ठीक. एवढ्यात ऊन चढलं आणि गाडी आपोआप नीट चालायला लागली. सहाच्या सहा सिलिंडरं, शिलाई मशीन चालल्यासारखी.

शेडमधले लॉरीवाले हसायला लागले. "काय रे घाट्या, मिसिंग खंय गेला? तुका बघून पळाला काय?"

"घाट्याक बघून म्हशी पण पळतत," दुसरा म्हणाला.

मी बॉनेट लावून टाकलं. पण दुपारी जेवताना घास उतरेना. तांडेलाची बायको म्हणाली, "झिला, खा रे. गाडयेक ताप इलो म्हणान तू कित्याक उपाशी?" त्यावरून डोक्यात आलं, ताप सकाळीच येतो, ऊन लागलं की उतरतो. म्हणजे ओल. म्हणजे करंट कुठेतरी ओलीतून गळतोय.

दुसऱ्या सकाळी दहिवर पडलेलं असतानाच मी गेलो. करंट गळताना दिसतो तो अंधारात, आणि मला रात्रीपर्यंत थांबायला सवड नव्हती. रात्री हवा कोरडी निघाली तर? अंधार करायला मी गावाहून आणलेलं घोंगडं उघड्या बॉनेटवरून पांघरलं, स्वतः डोकं आत घातलं आणि तांडेलाला म्हटलं, "चालू करा."

प्लगांना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरच्या काळ्या टोपीवर, चौथ्या वायरीच्या मुळापासून खालच्या लोखंडी क्लिपपर्यंत निळा किडा सरपटत होता. बारीक, वळवळता. प्लगला जायची ठिणगी वाटेतच संपत होती.

इंजिन बंद करून टोपी हातात घेतली. खनिजाच्या धुळीने रेडीत सगळंच लाल असतं, म्हणून काळ्या टोपीवरची लाली दोनदा पाहूनही मला खटकली नव्हती. आता नख लावलं तर चिकट थर निघाला. वास घेतला. मोरीच्या तेलाचा. मोरी म्हणजे शार्क. तिच्या कलेजीचं तेल इथले लोक होडीच्या लाकडाला चोळतात, खाऱ्या पाण्याने कुजू नये म्हणून. त्या तेलात खनिजाची धूळ बसलेली, धुळीत दहिवर. करंटला पायवाटच.

"तांडेलानु," मी घोंगडं काढत विचारलं, "हे तेल कोणी लावलं?"

"मियां. खारो वारो लोखांड खाता मेल्या, तेल नको? होडयेक लायतत, तसा हेका लायलंय."

मी त्याला वाट दाखवली. थरावर बारीक काळी रेघ उमटली होती. तो वाकून बघत राहिला. मग नळाकडे गेला, हातांना राख चोळत बसला.  ज्याच्या पडवीत निजतो त्यालाच मी त्याची चूक दाखवली होती.

टोपी साबणाने धुतली, रेघ सुरीच्या पात्याने खरवडली, चुलीच्या उबेला कोरडी केली. बसवून गाडी सुरू करतो तोच मालक आले. काय म्हणायचं ते मी मनात जुळवत होतो, धुळीचं तेवढं सांगू, तेलाचं राहू दे. पण तांडेल आधीच पुढे झाला.

"शेटांनु, माझ्याच हातान झाला. मोरीचा तेल लायलंय इंजिनाक. ह्या पोरान शोधून काढल्यान."

मालकांनी त्याच्याकडे पाहिलं, मग बॉनेटकडे. "चल, बस गाडीत," त्याला म्हणाले, आणि मागे जाऊन बसले. मलाही पुढे बसवलं. बंदराकडून वर येणाऱ्या चढावर, अजून ओल्या हवेत, गाडी एकदाही अडखळली नाही. वर पोचल्यावर मालक तांडेलाला म्हणाले, "चुकलं ते चुकलं असं जो म्हणतो, तोच माणूस घाटात लेकरू घेऊन जाईल. कोल्हापूरला निरोप पाठवत नाही. उद्या पहाटे लेकीला तूच ने. आणि ते तेल होडीलाच ठेव."

पहाटे मलाही बरोबर घेतलं. आंबोलीचा घाट चढताना मागे तान्हं झोपलेलं, बाजूला दरीत धुकं, म्हणे धबधबे अजून वाहत होते. मी फक्त इंजिन ऐकत होतो. एक, दोन, तीन, चार. चार. वर चहाच्या टपरीपाशी तांडेलाने गाडी उभी केली, किल्ली काढली आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "आता तरी श्वास सोड, मेल्या."