अक्काची रिकामी टाकी

आमची अक्का आज पहाटे गेली.

अक्का म्हणजे माझी मोठी नणंद. शाळेत सायन्स शिकवायची, लग्न केलं नाही, आणि सोलापूरच्या आमच्या घरात तिनं एकदा समुद्र पाळला होता.

हो, समुद्र. तोही लिंगायताच्या शुद्ध शाकाहारी घरात.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी नुकती लग्न होऊन वेळापूरहून आलेली. बघते तर पडवीत ही भली मोठी काचेची टाकी. आत वाळू, दगड, पाणी.

मासा? एकही नाही!

पाणी मुंबईचं. करीमभाई ट्रकनं चादरी घेऊन मुंबईला जायचे, येताना अक्कासाठी समुद्राच्या पाण्याचे कॅन भरून आणायचे.

अक्का रोज त्या रिकाम्या टाकीला जेवू घालायची. कल्हईवाल्याकडचा नवसागर, अगदी चिमटीच्या टोकावर.

"अक्का, आत कुणीच नाही की!"

"आहेत गं. मासा घाण करणार, ती खाणारे जंतू आधीच वस्तीला आलेत. मासा येईपर्यंत त्यांना नवसागरावर जगवायचं, उपाशी ठेवून कसं चालेल?"

मग परीक्षानळीत थोडं पाणी घेऊन, शाळेतून आणलेल्या औषधाचे थेंब टाकून तपासायचं. पिवळं झालं तर घाण शिल्लक. पिवळं नाही झालं, तर जंतू जेवले.

मला हे भयंकर आवडायला लागलं. न दिसणाऱ्यांची पंगत!

उन्हानं पाणी आटलं की साधं पाणी घालायचं, खारं नाही. का? तर पाणी उडतं, मीठ उडत नाही. मला हे कधी सुचलंच नव्हतं.

अव्वांची, म्हणजे सासूबाईंची, एकच अट होती.

"माज्या घरात एक जरी मासा मेला, तर तुजी टाकी गटारीत वतीन. सांगून ठिवते."

अव्वा बोलल्या की बोलल्या. अक्का म्हणूनच इतकी जपत होती.

ज्या दिवशी करीमभाई मासा आणणार, त्या सकाळी टाकीतलं पाणी तांदळाच्या धुवणासारखं पांढरं.

अक्कानं थेंब टाकले. पिवळंधमक.

वाळूवर गव्हाचे दाणे दिसले. आम्ही दोघींनी मागं वळून पाहिलं. अव्वा दारात उभ्या.

"पाव्हणा येनार म्हनलीस. मोकळ्या घरात कसा घ्यायचा? म्हनून हुग्गी घातली की. चमचाभरच."

हुग्गी! गव्हाची, गूळ घातलेली खीर! समुद्राला!

मला वाटलं, आता अक्का फुटणार. तर ती चष्मा वर करून टाकीत डोकावत म्हणाली, "बघू या, पचवतात का."

तेवढ्यात दारात ट्रक. ओल्या पोत्यात गुंडाळलेला कॅन उतरवत करीमभाई म्हणाले, "जित्ता लाया बाई. अब तुम संभालो."

बोटाएवढा मासा. पिवळसर अंग, काळे पट्टे.

टाकीत सोडायची सोय नाही. हवेचा पंप एकच, तो टाकीला लागणार. मग कॅनमधलं पाणी लोट्यानं उचलून वरून ओतायचं, हवा मिसळावी म्हणून. आणि कॅन आमच्याच पडवीत, म्हणजे अव्वांची अट लागू.

अक्कानं टाकीतली हुग्गी वेचून काढली, साठवलेल्या खाऱ्या पाण्यानं थोडं पाणी बदललं. मी लोटा धरला. थोड्या वेळानं हात भरून आले.

"सरक. तुला जमंना."

अव्वा! ज्या माशाच्या वासानं गल्ली बदलायच्या, त्या कॅनपाशी मांडी घालून बसल्या. मधेमधे वाकून बघायच्या.

"हालतोय गं, हालतोय."

रात्रभर आम्ही तिघी आळीपाळीनं ओतत राहिलो. सकाळी अक्कानं पुन्हा थेंब टाकले.

पाणी पिवळं झालं नाही.

अक्का लहान मुलीसारखी टाळ्या पिटत होती. "पचवली! अव्वा, तुझी हुग्गी पचवली त्यांनी!"

टाकीतलं पाणी थोडंथोडं कॅनमध्ये घालून माशाला सवय केली, मग सोडला. दगडाआड गेला. मग हळूच बाहेर आला, सगळ्या टाकीची पाहणी केली.

अव्वा कितीतरी वेळ बघत होत्या. मग नाराजीनं मान हलवली. अक्काचं तोंड उतरलं.

"काय झालं, अव्वा?"

"एकटाच हाय की गं तो," अव्वा म्हणाल्या. "करीमला सांग, अजून एक आन म्हनावं."

अक्का, तुझ्यामुळं मी बघायला शिकले. फार आठवण येईल.

शांतपणे जा.