लाल पट्टीची बॅटरी

सडक अर्जुनीजवळच्या ढाब्यावरची ती दुपार आठवली की आजही माझे पाय आपसूक धावायला बघतात. मी तेव्हा ठाणेदार होतो आणि स्वभावाने भलताच उतावीळ.

महामार्गालगत ट्रकमध्ये झोपलेल्या चालकाला कोणीतरी भोसकून त्याचा मोबाइल पळवला होता. चालक वाचला, पण त्याने चेहरा पाहिला नव्हता. घटनास्थळी एक घडीचा चाकू सापडला. मुठीची एक बाजू शिंगाची, दुसरी तुटली म्हणून बांबूची कामटी बसवलेली. फोटो पाहताच खबऱ्याने मालक सांगितला: जवळच्या गावातला तेंदूपत्ता तोडणारा. तो वारला होता, म्हणून आम्ही त्याच्या मुलाला उचलून आणलं. मुलाचं लग्न तोंडावर आलं होतं.

ठसे तपासून झाले होते, एकही धड उमटला नव्हता. मी चाकू त्याच्यासमोर ठेवला.

“तुझा आहे?”

“बुढ्याचा होता जी.”

“हातात घेऊन नीट बघ.”

त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले. “हात नाही लावत.”

“काऊन?”

तो एक पाऊल मागे सरकला. जमादार म्हणाला, “साहेब, हाच आहे. घाबरून राहिला पाहा.”

पण गुन्हेगार घाबरला की पोलिसाकडे बघतो. हा चाकूकडे बघत होता. मला काही चैन पडेना.

बाहेर ओट्यावर त्याची आई बसली होती. “पोरीवाले सोयरीक मोडतो म्हनून राहिले, साहेब,” ती म्हणाली. “तो चाकू आमी बुढ्याच्या मातीवर ठेवलो होतो. मेलेल्याची चीज पोरगा कायले उचलन?”

आईला बसवून मी तडक जीप काढली आणि त्या मातीच्या जागी गेलो. त्यांच्या समाजात माणसाला पुरतात आणि त्याच्या रोजच्या वस्तू तिथंच सोडतात. थाळी होती, तंबाखूची डबी होती. चाकू नव्हता. आई वाकून बघत राहिली. “बॅटरी बी नाही जी. काच हालत होती म्हनून बुढ्यानं तिले लाल ट्यूबची पट्टी बांधली होती.”

माझ्या अंगात वीज खेळली! गावातला एकही माणूस त्या वस्तूंना हात लावणार नव्हता. म्हणजे उचलणारा बाहेरचा. आणि तिथून निघणारी पायवाट थेट ढाब्यामागे जात होती.

साध्या कपड्यांत आम्ही ढाब्यावर चहा घेत बसलो. शेजारच्या दुकानात नुकताच कामाला लागलेला पंक्चरवाला भर दुपारी ट्रकखाली बॅटरी मारून काहीतरी बघत होता. बॅटरीच्या तोंडाशी लाल पट्टी! मी चहाचा कप खाली ठेवला आणि त्याच्याजवळ गेलो.

“बॅटरी झकास आहे. कुठून घेतली?”

“बाजार से लिया, भैया.”

“ही पट्टीही बाजारातच बांधून दिली का?”

त्याने हातातला पाना टाकला आणि शेतातल्या धानाच्या बांधीतून पळत सुटला. मीही धावलो, चिखलात पडलो, पुन्हा उठलो. शेवटी जमादाराने त्याला बांधाच्या पाळीवर आडवा केला. चालकाचा मोबाइल जुन्या टायरांच्या ढिगात सापडला. पुढे त्याने सगळं कबूल केलं.

मुलगा सुटला, लग्नही ठरल्या वेळी झालं. त्या दिवसापासून सापडलेली वस्तू कोणाची हे विचारून मी कधी थांबलो नाही. तिला कोण हात लावणार नाही, हेही विचारत गेलो. त्याचा मला पुढे फार उपयोग झाला.

खटला संपल्यावर न्यायालयाने मुद्देमालातला चाकू आणि बॅटरी मुलाला परत करण्याचा आदेश दिला. त्याने पावतीवर सही केली, पण हात काही पुढे केला नाही.

“तुमीच मातीवर ठेवून द्या, साहेब. तुमी तर धरलेच आहे.”

मी त्याच्याबरोबर गेलो. चाकू थाळीशेजारी ठेवला. बॅटरीत मी नवे सेल टाकून आणले होते. बटण दाबलं, तर भर उन्हातही काचेत उजेड दिसला.

मुलगा पहिल्यांदा हसला. “राहू द्या जी चालूच,” तो म्हणाला. “बुढ्याले दिसन.”