सुमनबाईंसाठी खोली पाहताना

चिखलीच्या बेघर निवाऱ्यात काम धरल्यापासून माझ्याकडे घरमालकांचे किस्से इतके साठलेत, की पंगतीला बसलो तरी लोक आधी तेच विचारतात. निवाऱ्यातल्या माणसाला भाड्याने खोली मिळवून देणं, हे आमचं अर्धं काम. मी आणि माझ्या सहकारी वनिताताई दारोदार फिरतो. मुलगी दाखवायला न्यावी तसंच ते, फक्त पोहे मिळत नाहीत.

सुमनबाईंचंच घ्या. चार वर्षं एसटी स्टँडवर झोपलेल्या. आता एका मेसमध्ये पोळ्या लाटतात. निवाऱ्यातली मुदत संपत आली होती. खोली मिळाली नाही, तर परत स्टँड.

*

पहिल्या मालकाने विचारलं, "आधी कुठं राहत होत्या?"

"स्टँडजवळ," वनिताताई म्हणाल्या.

"वा, मेन एरिया! मंग इतक्या आत काऊन येऊन राह्यल्या?"

"जवळ नाही, स्टँडवरच," सुमनबाई म्हणाल्या.

त्याच क्षणी मालकाला आठवलं, की खोली पुतण्याला लागणार आहे.

*

दुसऱ्या मालकीणबाईंचं तत्त्व होतं, ज्याला सामान नाही तो भाडेकरू पळतो. सुमनबाईंचं सामान म्हणजे एक पिशवी. आम्ही ऑफिसातलं लोखंडी कपाट टेम्पोत घालून नेलं. बाई खूश झाल्या, मागे जाऊन पाहू लागल्या. कपाटाच्या पाठीवर ऑइलपेंटने ठळक लिहिलं होतं: 'बेघर निवारा, कपाट क्र. २'.

कपाट त्याच टेम्पोने परत आलं.

*

तिसऱ्याने मलाच धरलं. "तुमच्या घरी वरची खोली खालीच हाये ना? मंग तिथंच ठेवा की."

मला एकदम ऑफिसात मीटिंग असल्याचं आठवलं. पुतण्यावाल्या मालकाला मी महिनाभर हसत होतो. त्या दिवशी मात्र स्वतःची लाज वाटली.

*

शेवटी साबळे गुरुजी. रिटायर्ड, एकटे, दोनदा नाही म्हणालेले. तिसऱ्यांदा म्हणाले, "एक महिना पाहतो. जमलं नाही तर खोली खाली."

आठव्या दिवशी फोन. "तुमच्या बाई ओट्यावर झोपतात. गल्ली मले विचारून राह्यली, म्हातारीले बाहेर काऊन काढलं?"

आम्ही धावलो. सुमनबाई म्हणाल्या, "आत डोळा लागत नाही. भेव वाटते, सकाळी उठलीच नाही तर? स्टँडवर मेहकरची पहिली गाडी लागली, की झाडूवाला काठी आपटून उठवे. इथं कोण हाये?"

वनिताताईंनी मोबाइलचा अलार्म सुचवला.

"तो मले वळखते का?"

दारात उभे राहून ऐकणारे गुरुजी वळून घरात गेले. खोली गेली, असं आम्ही धरून चाललो.

महिना भरला त्या दिवशी सामान उचलायच्या तयारीने भल्या पहाटे पोचलो. ओटा रिकामा. चपला दाराबाहेर. गुरुजी स्वेटर घालून आले, काठी तीनदा दारावर आपटली आणि म्हणाले, "उठा बाई, मेहकर गाडी लागली."

आतून झोपाळू आवाज आला, "जाऊ द्या तिले."